अर्धा कमी

मुलगी पलीकडच्या फुटपाथवरून गेली आणि तिनं ओळख दाखवली नाही. दुपारचे पावणेदोन झाले होते. तो आपल्या चष्म्याच्या दुकानाच्या दारात उभा राहून काच पुसत होता. काच स्वच्छच होती. पण गिऱ्हाईक नसताना रिकाम्या हातानं दारात उभा राहिलेला दुकानदार दुकान विकायला काढल्यासारखा दिसतो, असं त्याच्या सासऱ्यांचं मत होतं, आणि या दुकानात मतं सासऱ्यांची असत. मुलगी दोन मैत्रिणींबरोबर होती. दप्तर एका खांद्यावर, एक मोजा वर, एक खाली. त्यानं फडक्यासकट हात वर केला. तिनं बघितलं. इकडेतिकडे बघताना चुकून नजर पडावी तसं नव्हे. चांगलं सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं, विजेच्या खांबाकडे बघावं तितका वेळ बघितलं, आणि मग मैत्रीण काहीतरी म्हणाली तिकडे मान वळवून हसत हसत पुढे निघून गेली. त्याचा हात वरच राहिला. वर राहिलेल्या हाताला काहीतरी काम द्यायला हवं म्हणून त्यानं दाराची वरची चौकट पुसली. तिथे मात्र खरोखरच धूळ होती.

अकरा दिवस झाले होते. अकरा दिवस घरात बायको त्याच्याशी बोलत नव्हती आणि तो बायकोशी. आधी कोण बोलेनासं झालं हा वादाचा मुद्दा होता, पण वाद घालायचा तर बोलावं लागतं, म्हणून तो मुद्दा तसाच पडून होता. निरोपांची ने-आण मुलीकडे होती. बाबांना म्हणावं, भाजी गार होतेय. आईला म्हणावं, मला दिसतेय. पहिले दोन दिवस मुलीनं निरोप शब्दशः पोचवले. मग कंटाळून ती नुसतीच आधी एकाकडे आणि मग दुसऱ्याकडे बघायची, आणि त्यावर भागायचं. पोरीला यात गंमत वाटतेय असा त्याचा समज होता. आता फडकं झटकताना त्याला वाटलं, गंमत कसली, पोरगी तिकडच्या बाजूला गेलीय. बायकोनं नकाशाच्या कचेरीत वीस वर्षं हद्दी आखण्यात घालवली होती, तिला घरात एक रेघ ओढायला किती वेळ लागणार? रेघेच्या एका अंगाला आई, मुलगी, स्वयंपाकघर आणि गॅलरी. दुसऱ्या अंगाला तो आणि कपड्यांचं कपाट. तो पुन्हा पुन्हा त्या नजरेकडे वळत होता. राग असता तर चाललं असतं. राग म्हणजे निदान माणसाची दखल. त्या नजरेत काहीच नव्हतं, आणि इतकं काहीच नसणं दहा वर्षांच्या मुलीला आपलं आपण जमत नाही. ते कोणीतरी बसवून घ्यावं लागतं, पाठांतरासारखं.

भांडण एका कागदावरून झालं होतं. शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली होती की मुलगी फळ्यावरचं चुकीचं उतरवते, आठाचा तीन करते, तिनाचा काहीही करते. तो म्हणाला होता, लक्ष नसतं. बायको काही म्हणाली नव्हती, जे वाईट लक्षण होतं. दुसऱ्याच दिवशी ती मुलीला परस्पर घेऊन गेली त्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे, ज्यांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता आणि ज्यांच्या हाताखाली तीन माणसं आणि एक मासे असलेली काचेची पेटी होती. घरात बावीस वर्षं मुरलेला चष्मेवाला असताना. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं: उजवा डोळा उणे तीन, डावा पावणेतीन. खाली दोन ओळी. चष्मा पूर्ण नंबरचा द्यावा. रोज दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात. 'पूर्ण' या शब्दाखाली रेघ होती. कागद वाचून तो म्हणाला होता की इतकी वर्षं डॉक्टरकी शिकून शेवटी लोक ऊन लिहून देतात, ते आमच्याकडे दुकानाच्या दारात फुकट मिळतं. यावर बायको म्हणाली होती, तुम्ही करणार नसाल तर मी चष्मा दुसऱ्या दुकानातून करून घेते. चष्मेवाल्याच्या पोरीच्या नाकावर दुसऱ्याचा चष्मा! हलवाई दुसऱ्याकडून लाडू आणत नाही. तो जे काही म्हणाला त्यातला शेवटचा शब्द 'खुशाल' होता, आणि तिथून अकरा दिवस.

'पूर्ण'खालच्या त्या रेघेचाच खरा राग होता. कारण ती त्याच्यासाठी ओढलेली होती. त्या दुकानात मुलांना अर्धा कमी देतात हे सगळ्या भागाला ठाऊक होतं. डॉक्टरांनी दोन लिहिला की दुकान दीड देई, अडीच लिहिला की दोन. गिऱ्हाइकाच्या कार्डावर डॉक्टरांचा नंबर निळ्या शाईनं आणि दुकानाचा त्याखाली लाल शाईनं. ही रीत सासऱ्यांची. तो प्रथम दुकानात शिकायला आला तेव्हा सासरे अजून सासरे नव्हते, नुसते मालक होते, आणि काच घासायच्या ओल्या चाकावर वाकलेले असताना मान वर न करता ते म्हणाले होते की मुलाच्या डोळ्याला पोटभर द्यायचं नसतं. थोडी भूक ठेवायची. भुकेला डोळा कष्ट करतो, कष्ट केले की नंबर जागच्या जागी राहतो. चाकावरून दुधासारखं पांढरं पाणी गळत होतं आणि त्याला वाटलं होतं, हे पुस्तकात सापडणारं ज्ञान नव्हे. पुढे ते वाक्य तो स्वतःच म्हणू लागला, त्याच आवाजात, त्याच जागी थांबून. आयांना ते आवडे. त्यात एक प्रकारचा कडकपणा होता, आणि स्वतःच्या पोराबाबतीतला कडकपणा दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की आयांना बरं वाटतं. वर्षानं पोर परत येई. नंबर वाढलेला असला तर तो म्हणे, बघा, अर्धा कमी दिला म्हणून एवढ्यावर थांबलं. नसला वाढलेला तर म्हणे, बघा. अशी सोयीची रीत दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल असं त्याला वाटत नव्हतं.

तीन वाजता एक आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. चष्मा कालच घासून तयार होता; निळ्या शाईत सव्वादोन, लाल शाईत पावणेदोन. त्यानं तो मुलाच्या नाकावर बसवला, दांड्या गरम करून कानामागे वळवल्या, भुकेचं वाक्य म्हटलं. आईनं मान डोलावली. मुलगा दारातून बाहेर बघत होता. पोरगा म्हणाला, अजून थोडं दिसायला पाहिजे. सवय होईल, असं सांगून त्यानं मुलाच्या डोक्यावर थोपटलं, आणि ते दोघं गेल्यावर लक्षात आलं की हात अजून हवेतच थोपटतोय. मागच्या वर्षी त्याची स्वतःची मुलगी याच स्टुलावर बसली होती. त्यानंच तिचे डोळे तपासले, त्यालाच उणे दोन सापडले, त्यानंच दीड दिले, आणि ती म्हणाली होती, बाबा, फळा आत्ताच पुसल्यासारखा दिसतो. सवय होईल, असं तेव्हाही तो म्हणाला होता. ती शहाणी मुलगी. तिनं सवय करून घेतली, पुन्हा तो विषय काढला नाही. शाळा सुटली की दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे खिडकी म्हणून जे आहे त्यातून शेजारच्या भिंतीचा गिलावा दिसतो, तिथे ती तास न् तास वहीत नाक खुपसून बसे, आणि तो गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगे की पोरगी अभ्यासू आहे. मग त्याला गिऱ्हाइकांतली एक दोन वेण्यांची मुलगी आठवली, आठव्या वर्षी एक नंबर घेऊन आलेली आणि सोळाव्या वर्षी सात घेऊन गेलेली. शेवटच्या खेपेला जाड भिंगांआडून तिचे डोळे बोरीच्या बियांएवढे दिसत होते. तेव्हाही तो 'बघा' म्हणाला होता. त्याला या आठवणीचा राग आला. कोणी बोलावलं नसताना येणाऱ्यांमध्ये आठवणी सगळ्यांत निर्लज्ज. आल्या की चहासुद्धा मागत नाहीत, नुसत्या बसतात. त्यानं मन परत मुलीच्या त्या खांबाकडे बघणाऱ्या नजरेवर नेऊन ठेवलं. तिथे निदान दुसऱ्या कोणाचा तरी दोष होता.

संध्याकाळी जेवताना त्यानं विषय काढला. दिवसभर त्यानं वाक्यं जुळवली होती, त्यांतली चांगली होती ती सगळी तोंड उघडताच पळाली.

"दुपारी दुकानासमोरून गेलीस ना?"

"हो," मुलगी म्हणाली. "आम्ही मैदानावर चाललो होतो. आईनं सांगितलंय, दोन तास."

"मी हात केला होता."

मुलीनं आईकडे बघितलं. तेवढा पुरावा त्याला पुरेसा होता. आईकडे काय बघतेस, असं त्यानं विचारलं; बापाला ओळख द्यायची नाही असं घरात शिकवतात का, हेही विचारलं, आणि हे सगळं मुलीला उद्देशून बायकोला ऐकू जाईल अशा बेतानं. अकरा दिवसांत या कलेत तो तयार झाला होता.

"ते तुम्ही होतात?" मुलगी म्हणाली. "मला वाटलं, कोणीतरी काच पुसतंय."

तिनं हे इतक्या सरळपणे सांगितलं की त्याला ते पाठ केलेलं वाटलं. बापाच्या दुकानात बापाखेरीज काच पुसायला कोण येणार आहे, असं तो म्हणायच्या बेतात होता, तेवढ्यात बायकोनं हातातली वाटी खाली ठेवली.

"तिला दिसला नसाल तुम्ही."

"डोळ्यावर चष्मा आहे की तिच्या. मी केलेला."

"म्हणूनच," बायको म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली.

अकरा दिवस तो ज्याची वाट बघत होता ते झालं होतं. ती आधी बोलली होती. सरळ त्याच्याशी, मध्ये मुलगी न घालता. या विजयाचं काय करायचं हे मात्र त्याला सुचेना. घास तोंडात फिरत राहिला. समोर मुलगी ताटावर वाकून जेवत होती, नाक जवळजवळ भाजीत, आणि हे वाकणं तो रोज बघत आला होता आणि रोज म्हणत आला होता, ताठ बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जे केलं ते निव्वळ बायकोला खोटं पाडायला केलं. हिशेब सोपा होता. डॉक्टरीणबाईंचं खरं धरलं तर तीन, डोळ्यावर दीड, उरले दीड. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना लांबचा नंबर नव्हता, कधीच नव्हता. बावीस वर्षं तो लोकांना धुक्यातून बाहेर काढत होता, पण स्वतः त्या धुक्यात एकदाही गेला नव्हता. पोहता न येणाऱ्या माणसानं घाटावर बसून पोहायचे भोपळे विकावेत तसं. चांगल्या डोळ्यांसमोर दीडची फुगीर भिंगं धरली की मुलीला दिसतं तेच आपल्याला दिसणार, एवढं गणित त्याला येत होतं. तपासणीची ती गोल, जड लोखंडी चौकट, जिच्या खाचांमध्ये एकेक भिंग टाकून नंबर काढतात, ती त्यानं नाकावर चढवली, दोन्ही बाजूंना दीडची भिंगं टाकली आणि तो दुकानाबाहेर पडला. जवळचं सगळं नको इतकं स्पष्ट झालं. शर्टाच्या बाहीचा प्रत्येक धागा, नखाखालची काच घासल्याची पांढरी भुकटी. हाताच्या लांबीपर्यंत जग होतं, त्यापुढे कोणी तरी ओल्या फडक्यानं ते पुसलं होतं. तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला, काल मुलगी जिथून गेली तिथे उभा राहिला आणि वळला.

दुकानाची पाटी वाचता आली. त्याला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं की पाटी त्यानंच रंगवून घेतली होती, डोळे मिटूनही ती वाचता आली असती. शेजारच्या दुकानावर कालच लावलेली नवी पाटी मात्र रंगाचे चार डाग होऊन बसली होती. दुकानाच्या दारात एक आकृती होती, खालून रुंद, वरून अरुंद. म्हणजे सासरे येऊन खुर्चीत बसले होते, कारण दहा वाजले होते आणि दहा वाजता सासरे तिथे असतात. हे त्याला दिसत नव्हतं, माहीत होतं. तोंडाच्या जागी एक फिकट वर्तुळ होतं. नाक नाही, डोळे नाहीत, कपाळावर काय चाललंय याचा पत्ता नाही. लहानपणी गल्लीच्या टोकाला वडील वळले की नुसत्या त्यांच्या कपाळावरून त्याला कळायचं, आज मार आहे की नाही, आणि असला तर तो मागच्या दारानं निसटायचा. घारीच्या डोळ्यांनी त्याला किती वेळा वाचवलं होतं. आता त्या फिकट वर्तुळाशेजारून काहीतरी वर गेलं. हात असावा. सासरे हात करत असावेत, किंवा माशी उडवत असावेत, किंवा नाक शिंकरायला रुमाल काढला असावा. आपण उलट हात करावा, आणि ती माशीच निघाली तर? अनोळखी माणसाला हात केल्यासारखं होईल. तो काही न करता उभा राहिला, आणि आपण काही न करता उभे आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं तिथूनच रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं. एक स्कूटर करकचून थांबली.

"काका, डोळे तपासून घ्या," स्कूटरवाला म्हणाला, आणि मग त्याच्या नाकावरचं यंत्र बघून आणखी काही न बोलता निघून गेला.

दुकानात येऊन त्यानं चौकट काढली. नाकावर दोन्ही बाजूंना वळ उठले होते. सासरे खुर्चीत पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होते, जवळचा चष्मा लावून, पूर्ण नंबरचा. ऐंशी वर्षांचे झाले होते पण हाडं मजबूत होती, आणि कोणाशी त्यांचं वाकडं नव्हतं, कारण ते सगळ्यांना सरळच समजत. तो त्यांना दादा म्हणे.

"दादा, मुलांना अर्धा कमी द्यायचं कोणी सुरू केलं?"

"मी," सासरे म्हणाले. कोणी पाटीवरचं नाव विचारावं तसं.

"कुठे वाचलं होतंत?"

"वाचायला वेळ कुठे होता? त्या वर्षी काचा येत नव्हत्या. बंदरात काहीतरी अडकलं होतं. असतील त्या मोठ्या माणसांना लागायच्या. मोठी माणसं आरडाओरडा करतात, पोरं कुठे बोलतात? मग पोरांना जवळपासचा असेल तो द्यायचा. थोडा कमीचा."

"आणि ती भूक?"

"गिऱ्हाइकाला काहीतरी सांगावं लागतं की." सासऱ्यांनी पान उलटलं. "पुढे काचा आल्या. पण तोवर लोक म्हणायला लागले होते, या दुकानात मुलांचं बघून करतात. चांगलं चाललेलं कशाला मोडा?"

तो उभाच होता. त्याच्या मनात काहीतरी मोठं, भांडं फुटल्यासारखं व्हायला हवं होतं, पण झालं ते इतकंच की बावीस वर्षं म्हटलेलं वाक्य त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू आलं, थांबायच्या जागांसकट. सासऱ्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"तुला माहीत नव्हतं? मला वाटलं, कळलं असेल. शहाणा म्हणून तर मुलगी दिली."

मुलगी, म्हणजे त्याची बायको. त्यानं विचारलं, तिला काय दिलंत लहानपणी? सासरे म्हणाले, तिलाही तेच; घरचं म्हणून वेगळं करायचं नाही, दुकान आहे हे. लग्नानंतर दोन महिन्यांनी त्यानं बायकोला हौसेनं नवा चष्मा करून दिला होता. मोठ्या माणसाचा, म्हणून पूर्ण नंबरचा. तो लावून ती दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली होती, पाठमोरी, एक शब्द न बोलता, रस्त्याकडे बघत, कितीतरी वेळ. फ्रेम कशी आहे, असं त्यानं तीनदा विचारलं आणि तिनं उत्तर दिलं नाही, आणि त्यानं तेव्हा मनाशी नोंद केली होती की बायको थोडी मठ्ठ आहे, किंवा गर्विष्ठ. पुढे तिच्याबद्दल जे जे मत बनलं ते या नोंदीच्या पायावर. आता ती पाठ त्याला दिसली, आणि पाठीवरून तिला काय वाटत असेल ते वाचता येईना. एकवीस वर्षं सोबत राहून 'म्हणूनच' एवढाच एक शब्द तिनं त्याला दिला होता, आणि त्यात सगळं होतं.

मग त्याला राग आला, आणि राग आल्यावर थोडं हलकं वाटलं. पण तो कोणावर ठेवावा हे ठरेना. सासऱ्यांवर ठेवला तर तो त्यांच्या अंगावरून तेल लावल्यासारखा घसरत होता. बंदरावर ठेवून उपयोग नव्हता. डॉक्टरीणबाईंवर अकरा दिवस ठेवला होता, तिथे जागा शिल्लक नव्हती. त्यानं मुलांच्या कार्डांचा खण ओढला. निळी शाई, लाल शाई, निळी, लाल. चालू वर्षाचीच शंभरावर निघाली असती. त्यानं कालच्या आईला फोन लावला. मनात जुळवलेलं होतं ते खरं होतं: बाई, माझं चुकलं, बावीस वर्षं चुकलं. तोंडातून आलं ते असं की काचांच्या खोक्यात दोष निघालाय, चष्मा घेऊन या, बदलून देतो. कसला दोष, असं बाईंनी विचारलं. खोक्याचा, तो म्हणाला. बाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, हल्ली इतकं प्रामाणिक कोण असतं. तिसऱ्या फोनपर्यंत ते वाक्य घोटून गुळगुळीत झालं होतं, आणि ते म्हणताना तो ज्या जागी थांबत होता त्या जागा त्याच्या ओळखीच्या होत्या. खुर्चीतून सासरे पसंतीनं मान हलवत होते. चौथ्या फोनवर एक बाप होता, मोजकं बोलणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"माझी मुलगी तीन वर्षं सांगतेय, नीट दिसत नाही म्हणून," तो बाप म्हणाला. "अभ्यास चुकवायला थापा मारते म्हणून मी तिला रागावत आलो. तिला आता काय सांगू?"

खोक्याचं सांगा, असं तो म्हणाला, आणि त्या माणसानं फोन ठेवला. पाचवं कार्ड त्यानं हातात धरून ठेवलं, मग तसंच वर ठेवलं आणि नकाशाच्या कचेरीचा नंबर फिरवला.

"मी बोलतोय."

"हं," बायको म्हणाली.

"शाळा सुटली की तिला दुकानात आण."

"किती नंबर?"

"पूर्ण."

पलीकडे बराच वेळ कागद सरकल्याचा आवाज येत राहिला. "हं," ती म्हणाली.

काच त्यानं स्वतः घासली. उजवी तीन, डावी पावणेतीन, कागदात होतं तसं. काचेत पाव इकडेतिकडे करायला बोटं आपोआप वळवळत होती, सवयीनं, आणि चाकावरून पांढरं पाणी गळत होतं. नंबर मोजायच्या यंत्राखाली त्यानं दोन्ही काचा तीनतीनदा धरून बघितल्या. लाल शाईची दौत त्यानं उघडली नाही. सासरे दुपारी जेवायला जाताना म्हणाले, एवढा एकदम दिला तर पोरीचं डोकं दुखेल. दुखू दे, तो म्हणाला. जावई झाल्यापासून सासऱ्यांना उलट उत्तर देण्याची ही पहिली वेळ होती, आणि सासऱ्यांना ते ऐकूच गेलं नाही, कारण ते रस्त्याला लागले होते.

पावणेदोनला दोघी आल्या. बायको उंबऱ्याशी थांबली, कचेरीची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, ओळखीच्या घरी जाब विचारायला आलेल्या माणसासारखी. मुलगी स्टुलावर बसली. त्यानं जुना चष्मा काढून घेतला तेव्हा तिचे डोळे उघडे, जरा सुजल्यासारखे, कुठेच न पोचणारे दिसले, आणि त्यानं घाईनं नवा चढवला. दांड्या बघितल्या, एक किंचित सैल होती. स्क्रू आवळायचा पेचकस गल्ल्याच्या पलीकडच्या खणात होता; तो आणायला तो पाच पावलं गेला आणि वळला. मुलगी त्याच्याकडे बघत होती. भिंतीवरच्या तक्त्याकडे नाही, रस्त्याकडे नाही, समोर लटकणाऱ्या पन्नास फ्रेमांकडे नाही. त्याच्या तोंडाकडे.

"कानामागे टोचतंय?"

"नाही."

"नाकावर जड वाटतंय? डोकं गरगरतंय?"

"नाही."

ती बघतच राहिली. एखादा अवघड शब्द लागावा आणि तो लागल्याचा आनंद मात्र होऊ नये, तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

"मग काय झालं?"

"मला वाटायचं, तुम्ही लांब असलात की हसता आणि जवळ आलात की रागावता," मुलगी म्हणाली. "तुम्ही लांबूनही रागावलेलेच असता."

पेचकस हातात धरून, पाच पावलांवर उभं राहून, त्यानं चेहरा बदलून बघितला. तेही तिला दिसलं.